गुण कोणाचा, संगत कोणाची?

थंडीचे दिवस आले म्हणजे पुण्याकडील घरांत दह्याची तक्रार सुरू होते. रात्रीं विरजलेलें दूध सकाळीं उघडून पाहावें तों वर थोडी साय धरलेली आणि खालीं सारें पातळ. आमच्या घरीं गेल्या मार्गशीर्षांत हा प्रकार लागोपाठ चार दिवस झाला, आणि चारही दिवस दूध विरजण्याची पाळी आमच्या धाकट्या भावजयीची होती. लग्न होऊन ती या घरांत आली त्याला अजून वर्षही झालेलें नाहीं. पांचव्या दिवशीं थोरल्या वहिनींनीं दूध विरजलें, आणि दही असें घट्ट लागलें कीं त्यांत चमचा उभा राहावा. झालें! "सासूबाई, तुम्ही कांहीं म्हणा, पण तिच्या हाताला गुण नाहीं," असा निकाल वहिनींनीं देऊन टाकला, आणि मातोश्रींनींही मान हालविली. धाकटी एक शब्द बोलली नाहीं. परंतु त्या दिवसापासून तिनें दुधाच्या पातेल्यास हात लावणें सोडलें. आणि एकत्र कुटुंबांत अशा मौनाचा अर्थ काय होतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

दह्याचें एक पातेलें ही क्षुल्लक गोष्ट खरी. पण एका माणसाच्या माथीं बसलेला दोष क्षुल्लक नसतो. म्हणून आम्हीं थोडी विचारपूस केली. तेव्हां असें दिसून आलें कीं, वहिनी विरजण चांगलें चमचाभर घालतात आणि पातेलें जुन्या शालींत गुंडाळून फडताळांत ठेवतात. धाकटी बोटाला लागेल एवढेंच विरजण लावते आणि पातेलें झांकून ओट्यावरच ठेवते. कारण तिचें माहेर गुहागरचें, आणि समुद्रकांठच्या त्या उबाऱ्यांत तेवढ्यानेंच दही उत्तम लागतें. म्हणजे दोघींच्या दह्यांत हात तर निराळा होताच, पण विरजणाचें मानही निराळें होतें आणि जागाही निराळी होती. तीन गोष्टी एकदम बदलल्या, आणि यशापयशाचें सारें श्रेय त्यांतील एकीच्या पदरांत घातलें गेलें. ही चूक केवळ स्वयंपाकघरांतच होते असें मात्र कोणीं समजूं नये.

शाळेंत आपणांस जें शिकवितात तें असें: एका वेळीं एकच गोष्ट बदला, बाकीच्या सर्व स्थिर ठेवा, आणि काय फरक पडतो तें पाहा. हा नियम इतका सरळ दिसतो कीं त्याविषयीं शंका घ्यावी असें कोणाच्या मनांतही येत नाहीं. ती शंका जाहीरपणें घेतली रोनाल्ड फिशर या इंग्रज शास्त्रज्ञानें. लंडनच्या उत्तरेस हार्पेंडेन गांवीं रॉथॅम्स्टेड नांवाचें कृषिसंशोधनाचें ठिकाण आहे. तेथें खतांचे प्रयोग १८४३ सालापासून चालू आहेत, आणि १९१९ सालीं फिशर तेथें संख्याशास्त्राचें काम पाहण्याकरितां आला. १९२६ सालीं शेतांतील प्रयोगांच्या मांडणीवर त्यानें एक निबंध लिहिला. निसर्गाला एका वेळीं एकच प्रश्न विचारावा हें मत साफ चुकीचें असून, नीट जुळविलेली प्रश्नावलीच त्याच्यापुढें ठेवावी, असें त्यानें त्यांत प्रतिपादन केलें. एक-एकटा प्रश्न विचारला तर पुष्कळदां उत्तर मिळत नाहीं; कारण त्या प्रश्नाचें उत्तर दुसऱ्या एखाद्या न विचारलेल्या प्रश्नावर अवलंबून असतें.

हें कसें, तें एका खऱ्या प्रयोगावरून पाहूं. वाटाण्याच्या पिकावर केलेला हा जुना प्रयोग संख्याशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आणि संगणकाच्या आज्ञावलींत आजही नमुना म्हणून दिलेला असतो. खतें तीन होतीं: नत्र, स्फुरद आणि पालाश. प्रत्येक खत एक तर द्यावयाचें, नाहीं तर द्यावयाचें नाहीं. म्हणजे एकंदर आठ जोडण्या झाल्या. कांहींच न देणें ही एक, केवळ नत्र ही दुसरी, नत्र आणि पालाश ही आणखी एक, अशा क्रमानें तिन्ही खतें एकत्र येथपर्यंत. एक सत्तरांश एकराचा एक याप्रमाणें २४ वाफे घेतले, आणि प्रत्येक जोडणी तीन वाफ्यांस मिळाली. शेताची जमीन सर्वत्र सारखी नसते, म्हणून जवळजवळचे चार-चार वाफे मिळून सहा गट केले. कोणत्या वाफ्यास काय द्यावयाचें तें ठरविण्याचा रिवाज अशा प्रयोगांत चिठ्ठ्या टाकण्याचा असतो. नाहीं तर माणसाचा हात नकळत चांगल्या वाफ्यास चांगलें खत देतो.

आतां नत्राचा परिणाम कसा काढावयाचा? ज्या १२ वाफ्यांस नत्र मिळालें, त्यांचें सरासरी उत्पन्न ५७.७ पौंड आलें. ज्या १२ वाफ्यांस तें मिळालें नाहीं, त्यांचें ५२.१ पौंड आलें. या दोहोंतील अंतर ५.६ पौंड. यालाच नत्राचा 'मुख्य परिणाम' म्हणतात. वाचक येथें अडवतील कीं, नत्राच्या वाफ्यांत कांहींना स्फुरद होतें, कांहींना पालाश होतें, मग हा हिशेब शुद्ध कसा? तर गंमत अशी कीं, नत्र मिळालेल्या १२ वाफ्यांपैकीं बरोबर सहांना स्फुरद होतें आणि सहांना नव्हतें, पालाशाचेंही तसेंच. आणि नत्र न मिळालेल्या १२ वाफ्यांतही तीच वांटणी. दोन्ही पारड्यांत इतर खतांचें वजन सारखें असल्यामुळें तें आपोआप वजा होतें, आणि उरतो तो नत्राचा गुण.

तेच २४ वाफे आतां दुसऱ्या रीतीनें विभागा. स्फुरद मिळालेल्यांची सरासरी ५४.३ आणि न मिळालेल्यांची ५५.५, म्हणजे परिणाम वजा १.२ पौंड. तिसऱ्या रीतीनें विभागलें तर पालाश मिळालेले ५२.९ आणि न मिळालेले ५६.९, परिणाम वजा ४ पौंड. एकाच खताचे दोन वाफेदेखील कधीं सारखें पीक देत नाहींत. त्या स्वाभाविक चढउतारावरून हिशेब केला असतां अशा प्रत्येक अंतराची प्रमाण-त्रुटि १.६ पौंड निघते. नत्राचें अंतर तिच्या साडेतीनपट आहे, तेव्हां तें खरें मानावयास हरकत नाहीं. पालाशाचें अडीचपट आहे. तेंही बहुधा खरें. स्फुरदाचें अंतर तर त्रुटीएवढेंही नाहीं. त्याविषयीं मौन धरणेंच बरें. पालाशानें पीक घटलें हें वाचून कोणीं आपल्या मळ्यांतील पालाश बंद करूं नये. तो निकाल त्या जमिनीपुरता आणि त्या पिकापुरता आहे.

या मांडणींतील काटकसर गृहिणींच्या तत्काळ ध्यानांत येईल. एका वाफ्यानें तीन प्रश्नांस साक्ष दिली. शाळेच्या नियमानें गेलों असतों तर सहा वाफे बिनखताचे, सहा नत्राचे, सहा स्फुरदाचे आणि सहा पालाशाचे असे २४ वाफे करावे लागले असते, आणि प्रत्येक तुलना बारा विरुद्ध बारा अशी न होतां सहा विरुद्ध सहा अशी झाली असती. बारांची साक्ष हवी असती तर ४८ वाफे लागले असते. कालच्या उरलेल्या भाताचा फोडणीचा भात करणाऱ्या आमच्या घरांतील बायकांस ही विद्या शिकवावयास रॉथॅम्स्टेडची गरज नव्हती, असें आम्हांस कित्येकदां वाटतें.

आपल्या देशांत या विद्येचा प्रसार करणाऱ्यांत दोन मराठी नांवें ठळक आहेत. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं १९११ सालीं जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे, आणि इंदूरच्या वनस्पतिसंशोधन संस्थेंत कापसावर काम केलेले विनायक गोविंद पानसे. या दोघांनीं मिळून शेतकी संशोधकांसाठीं लिहिलेला संख्याशास्त्रीय पद्धतींचा इंग्रजी ग्रंथ १९५४ सालीं प्रसिद्ध झाला, आणि 'पानसे-सुखात्मे' एवढ्याच नांवानें तो कृषिविद्यालयांतून पिढ्यान्पिढ्या ओळखला गेला. आमच्या परिचयाच्या कित्येक कृषिपदवीधरांस त्यांतील कोष्टकें स्वप्नांतही दिसत असत.

शेतांतून ही रीत रुग्णालयांतही गेली. १९८८ सालीं आयसिस-२ या नांवाच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निरनिराळ्या देशांतील ४१७ रुग्णालयांत हृदयविकाराचा झटका आल्याच्या संशयानें दाखल झालेले १७,१८७ रोगी तींत होते. प्रश्न दोन होते: रक्ताची गुठळी विरघळविणारें स्ट्रेप्टोकायनेज हें औषध शिरेंतून दिल्यानें प्राण वांचतात काय, आणि साधी ॲस्पिरिनची लहान गोळी महिनाभर दिल्यानें वांचतात काय? प्रत्येक रोग्याच्या नशिबीं चारांपैकीं एक वांटणी आली: दोन्हीं औषधें, पहिलें एकटें, दुसरें एकटें, किंवा दोहोंच्याही जागीं दिसावयास तशीच पण औषध नसलेली वस्तु. कोणास काय मिळालें हें रोग्यासही ठाऊक नव्हतें आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांसही नव्हतें.

पांच आठवड्यांच्या अखेरीस हृदय व रक्तवाहिन्या यांच्या विकारानें झालेले मृत्यु मोजले. ॲस्पिरिन मिळालेल्यांत ते शेंकडा ९.४ होते, आणि न मिळालेल्यांत ११.८. स्ट्रेप्टोकायनेज मिळालेल्यांत ९.२, न मिळालेल्यांत १२. हे दोन मुख्य परिणाम झाले. आतां चार वांटण्या निरनिराळ्या पाहा. कांहींच न मिळालेल्यांत शेंकडा १३.२ दगावले, केवळ ॲस्पिरिन मिळालेल्यांत १०.७, केवळ स्ट्रेप्टोकायनेज मिळालेल्यांत १०.४, आणि दोन्हीं मिळालेल्यांत ८. एकटी असतांना गोळीनें शेंकडा अडीच माणसें वांचविलीं, आणि दुसऱ्या औषधाच्या संगतींतही जवळजवळ तेवढींच वांचविलीं. दोहोंचे गुण एकमेकांच्या आड न येतां बेरजेसारखे एकांत एक मिळाले. अशा ठिकाणीं मुख्य परिणाम हा शब्द सार्थ होतो. औषधाचा गुण सांगतांना दुसऱ्या कशाची अट घालावी लागत नाहीं. (ॲस्पिरिननें रक्तस्रावाचा धोकाही वाढतो, तेव्हां वैद्याच्या सांगण्यावांचून ती रोज घेण्याचा उपदेश आम्ही करीत आहों असें कोणीं समजूं नये.)

परंतु सर्वच गोष्टी अशा भल्या स्वभावाच्या नसतात. वाटाण्याकडे पुन्हां वळूं. नत्राचा मुख्य परिणाम ५.६ पौंड, असें आम्हीं वर म्हटलें. आतां पालाश नसलेले वाफे वेगळे काढले तर त्यांत नत्रानें पीक ८ पौंडांनीं वाढलेलें दिसतें; आणि पालाश असलेल्या वाफ्यांत केवळ ३.३ पौंडांनीं. म्हणजे ५.६ हा आंकडा या दोहोंची सरासरी आहे. मुख्य परिणाम हा नेहमीं अशी सरासरीच असतो, आणि ज्या संगतींत तो मोजला त्या संगतीची ती सरासरी असते. एका घटकाचा गुण दुसऱ्याच्या संगतीनें बदलणें, याला संख्याशास्त्रांत परस्परक्रिया असें नांव आहे. येथें एक सावधगिरीचा शब्द घातला पाहिजे. ८ आणि ३.३ यांतील अंतर ४.७ आहे खरें, पण त्याची त्रुटि मुख्य परिणामाच्या त्रुटीच्या दुप्पट, म्हणजे ३.२ पौंड आहे. तेव्हां एवढ्या पुराव्यावरून नत्र आणि पालाश यांचें बरें नाहीं असा निवाडा देतां येत नाहीं. संशय घ्यावा, फांशी देऊं नये.

हें सारें डोक्यांत असल्यामुळें आम्हीं घरांतील तंटा मिटविण्यासाठीं वाट्यांचा प्रयोग सुचविला. मातोश्री प्रथम हंसल्या, पण कुतूहलानें तयार झाल्या. घटक तीन: हात थोरलीचा कीं धाकटीचा, विरजण बोटभर कीं चमचाभर (वाटीच्या मानानें अर्थात् कमी करून), आणि जागा ओट्यावरची कीं शालींत गुंडाळून फडताळांतली. एका रात्रीं आठ वाट्या, आठही जोडण्यांच्या, दूध एकाच पातेल्यांतलें. वाटीखालीं नुसता आंकडा चिकटविलेला, आणि त्याचा अर्थ आमच्या वहींत. सकाळीं मातोश्रींनीं प्रत्येक वाटी पाहून व चाखून दहापैकीं गुण द्यावयाचे. अशा तीन रात्रीं, म्हणजे वाटाण्याच्या वाफ्यांइतक्याच २४ वाट्या झाल्या. एखादी रात्र अधिक गार पडली तरी ती आठही वाट्यांस सारखीच गार, म्हणून रात्र हाच आमचा गट.

हाताचा मुख्य परिणाम प्रथम पाहिला, कारण खटला त्याचाच होता. दोघींच्या बारा-बारा वाट्यांच्या सरासरींत पाव गुणाचाही फरक निघाला नाहीं. जागेचा परिणाम स्पष्ट होता: ओट्यावरील वाट्यांस सरासरी ४.५ गुण, फडताळांतल्यांस ६.५. विरजणाचा मुख्य परिणाम काढला तर तो शून्य! बोटभर विरजणाच्या वाट्यांस सरासरी ५.५ आणि चमचाभर विरजणाच्या वाट्यांसही ५.५. (आंकडे सोयीसाठीं थोडे गोल केले आहेत.) एवढ्यावर थांबलों असतों तर विरजण कितीही घाला, फरक पडत नाहीं, असें आम्हीं वहींत लिहून ठेवलें असतें, आणि घरांतील लहान मुलगीही आम्हांस हंसली असती.

म्हणून चार खणांचें कोष्टक मांडलें. ओट्यावर बोटभर विरजणाला ३ गुण आणि चमचाभराला ६. शालींत मात्र बोटभर विरजणाला ८ आणि चमचाभराला ५. गार जागीं अधिक विरजणानें दही लागलें. उबदार जागीं त्याच अधिक विरजणानें तें आंबट झालें. एकीकडे तीन गुणांचा नफा, दुसरीकडे तीन गुणांचा तोटा. सरासरींत दोन्हीं एकमेकांस खाऊन बसले. विरजणाचा परिणाम दोन्हीं जागीं चांगलाच मोठा होता, आणि त्याची सरासरी तेवढी शून्य होती. यासाठींच जाणते लोक परस्परक्रिया आधीं पाहतात, आणि ती मोठी दिसली तर मुख्य परिणामाचा आंकडा एकटा सांगत नाहींत.

धाकटीच्या दह्यास काय झालें होतें, हें आतां उघड झालें. गुहागरच्या हवेंत जें मान योग्य, तें तिनें पुण्याच्या थंडींत ओट्यावर वापरलें. कोष्टकांतील नेमका तीन गुणांचा खण तिच्या वांट्याला आला होता. आणि वहिनींचें तें पांचव्या दिवशींचें दही? तें घट्ट होतें हें सर्वांनीं पाहिलें होतें; आंबट होतें हें मात्र त्या दिवशीं कोणीं बोललें नव्हतें. शालीची ऊब आणि चमचाभर विरजण हा खण पांच गुणांचाच. सर्वांत चांगलें दही वहिनींच्या शालींत आणि धाकटीच्या बोटभर विरजणानें लागलें. मातोश्रींनीं वहीवरून आंकडे स्वतः दोनदां ताडून पाहिले, आणि मग चष्मा काढून म्हणाल्या, "अग सूनबाई, आज रात्रीं तूंच विरज हो. शाल तेवढी थोरलीकडून मागून घे." वहिनी उठल्या आणि त्यांनीं शाल आणून धाकटीच्या हातीं दिली.

पौषापासून दूध विरजण्याची पाळी पुन्हां ठरल्याप्रमाणें चालूं आहे. मातोश्रींनीं मात्र एक नवी हरकत काढली आहे. चोवीसही वाट्यांत दूध एकाच गवळ्याचें, आणि तें म्हशीचें होतें. गाईच्या दुधास हाच हिशेब लागेल हें कशावरून? हरकत अगदीं रास्त आहे. जो घटक आम्हीं बदललाच नाहीं त्याविषयीं आमच्या वहींत कांहींच नाहीं. चौथा घटक घेतला तर आठाच्या सोळा वाट्या होतात, आणि तेवढ्या वाट्या घरांत नाहींत. दोन वाट्या तर धाकट्या मुलांनीं अंगणांत मातीच्या खेळासाठीं नेल्या, त्या अजून परत आलेल्या नाहींत.